दुर्बिणीची बैठक

जुन्या लष्करी रायफलीची प्रतिकृती सिद्ध करावयास घेतलेला हौशी संग्राहक आपले पहिले आणि बहुधा सर्वांत अधिक लक्ष दुर्बिणीकडे देतो. ती कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, किती पटींनी मोठे करून दाखविणारी, तिच्या काचा किती निर्मळ, तिच्यावरचे शिक्के अस्सल की मागाहून मारलेले, याची तो महिनोन्महिने चौकशी करतो. आणि ही सारी चिकित्सा होऊन दुर्बीण एकदाची हाती आली, म्हणजे ती रायफलीवर कशाने बसवावयाची हा प्रश्न मात्र किरकोळ सामानाच्या खरेदीसारखा उरकून टाकतो. वास्तविक या शस्त्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर काचेने दगा दिल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी आणि काचेला पोलादाशी जोडणाऱ्या बैठकीने दगा दिल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. आणि म्हणूनच माझे असे निश्चित मत झाले आहे की, प्रतिकृतीचा अस्सलपणा पारखावयाचा असेल तर नजर प्रथम बैठकीवर जावी आणि मग काचेवर.

याचे कारण गणिताचे आहे. दुर्बिणीचे दोन आधार एकमेकांपासून पाच इंचांवर आहेत असे धरले आणि त्यांतील एक इंचाचा अवघा हजारावा भाग, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा जेमतेम चौथा हिस्सा, बाजूला सरकला, तर ६०० यार्डांवर मारा चार इंचांहून अधिक ढळतो. दर बाराबरोबर रायफल मागे येते आणि दुर्बीण आपल्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते. या दोहोंमधली ओढाताण दोन-चार स्क्रूंना सोसावी लागते. त्यातच पाऊस, चिखल, खंदकात आपटणे, लष्करी मोटारीतील हादरे, आणि या सर्वांवर कडी म्हणजे प्रवासात दुर्बीण काढून पेटीत ठेवण्याची व कामाच्या वेळी पुन्हा चढविण्याची शिस्त. एवढे सारे होऊनही दुर्बिणीची नजर पुन्हा त्याच बिंदूवर आणून ठेवणे हे बैठकीचे कर्तव्य; ते तिने पार पाडले नाही, तर जगातील उत्तमोत्तम काच नेमबाजाला अत्यंत स्पष्टपणे चुकीची जागा दाखवीत राहते.

या विद्येच्या आरंभीच्या इतिहासात मुंबईचे नाव येते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. मुंबई इलाख्याच्या फौजेत चाकरी केलेल्या डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रायफलीवर बसविण्याजोगी दुर्बीण तयार केली, आणि मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षट्‌कोनी छिद्राच्या रायफलीवर ती बसविली जाऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हाती अशा काही रायफली होत्या. डेव्हिडसन यांची दुर्बीण नळीच्या माथ्यावर न बसता रायफलीच्या डाव्या अंगाला बसे. तिचे पुढचे टोक खिळीवर फिरे आणि मागचे टोक वरखाली सरकवून पल्ला साधला जाई. पल्ला साधण्याचे सारे काम येथे बैठकच करीत होती. हे डावे अंग पुढे शंभर वर्षे या ना त्या कारणाने ब्रिटिश रायफलींना चिकटून राहिले.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मनीत शिकारीची परंपरा आणि भिंगांचा धंदा या दोन्ही गोष्टी परिपक्व होत्या. तेथील शिकारी हरणांवर व रानडुकरांवर दुर्बिणीच्या रायफली चालवीत. त्यांच्या बैठकी नखांसारख्या आकड्यांनी रायफलीत अडकणाऱ्या, काढता-घालता येण्याजोग्या आणि बव्हंशी नळीच्या बरोबर माथ्यावर बसणाऱ्या असत. या रायफली गोळा करून खंदकांत पाठविण्यात आल्या, आणि पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश खंदकांत डोके वर काढणे अशक्य झाले. ब्रिटनपाशी उत्तर नव्हते. आरंभी नळीच्या दोन टोकांना एकेक सुटे भिंग बसवून, मध्ये नळकांडे नसलेली अशी तात्पुरती साधने वापरून पाहण्यात आली. नंतर १९१५ पासून बर्मिंगहॅमच्या आल्डिस बंधूंच्या व लंडनच्या पेरिस्कोपिक प्रिझम कंपनीच्या दुर्बिणी फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलींवर चढू लागल्या.

काचा चांगल्या होत्या. परंतु त्या बसविल्या डाव्या बाजूला. ली-एनफिल्डमध्ये पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून भरावयाची असे, आणि ती सोय व रायफलीची मूळची माशी दोन्ही शाबूत राहिल्या पाहिजेत असा लष्करी खात्याचा आग्रह होता. कागदावर हा आग्रह रास्त दिसतो. खंदकात त्याचे काय झाले, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले तो मनुष्य हेस्केथ-प्रिचर्ड. याचा जन्म १८७६ साली झाशीत झाला. पुढे तो मोठ्या शिकारीचा शौकीन, क्रिकेटपटू व लेखक म्हणून नावारूपाला आला, आणि युद्धात स्वतःच्या शिकारीच्या दुर्बिणी घेऊन आघाडीवर गेला. नेमबाजाला पोलादी पत्र्याच्या आडोशाने, आपल्या गडांच्या तटांत असतात तशा अरुंद जंगीतून नेम धरावा लागे. जंगी रायफलीच्या नळीपुरती कापलेली, दुर्बीण डावीकडे, म्हणजे नळी जंगीतून बाहेर आणि दुर्बिणीसमोर मात्र पोलादी पत्रा! जंगी रुंद करावी तर शत्रूची गोळी आत येण्याचा मार्गही तितकाच रुंद होई. हेस्केथ-प्रिचर्डने याविषयी केलेली तक्रार वाचताना आजही त्याचा सात्त्विक संताप जाणवतो. खंदकांतून फिरून त्याने रायफली तपासल्या, तेव्हा दुर्बीण आणि नळी यांचा मेळ तुटलेल्या रायफली त्याला जागोजागी आढळल्या; पलटणी बदलताना त्या इतर सामानाबरोबर हातोहात पुढे दिल्या जात, आणि बैठक सैल आहे की घट्ट हे पाहण्याचे शिक्षण कोणाला मिळालेले नसे. १९१६ साली त्याने फ्रान्समध्ये लिंघम येथे नेमबाजांची शाळा काढली, आणि तेथील शिक्षणात रायफल व दुर्बीण यांचा मेळ राखणे हा विषय नेमाइतकाच महत्त्वाचा मानला गेला. १९२० साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी तो वारला.

युद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, ब्रिटनने पॅटर्न १४ रायफलीवर माथ्यावर बसणारी दुर्बीण मंजूर केली आणि तीत जर्मन धर्तीच्या आकड्यांची बैठक घेतली. धडा शिकून झाला होता. पण तोवर युद्ध संपले, आणि शांततेच्या काळात हा सारा विषय दप्तराच्या तळाशी गेला.

दुसऱ्या महायुद्धात जी रायफल घडली ती या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक घडलेली वस्तू आहे, असे मी मानतो. नंबर ४ मार्क १ (टी) हे तिचे दप्तरी नाव. तिची दुर्बीण, नंबर ३२, मूळची रायफलीसाठी नव्हती. ती १९३० नंतरच्या दशकात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली, तीन पट मोठे करून दाखविणारी, भक्कम व जड अशी होती. हिच्या पोटात खालून वर आलेला एक जाड खांब दिसतो आणि त्याच्या माथ्याला लागून एक आडवी तार जाते. खांबाचे टोक जेथे टेकेल तेथे गोळी. माथ्यावरील चकती फिरवून १००० यार्डांपर्यंतचा पल्ला लावता येतो, आणि डाव्या अंगाची चकती वाऱ्याचा हिशेब सांभाळते.

कारखान्यांतून, मुख्यतः बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली येथील बी.एस.ए.च्या कारखान्यातून, चाचणीत विशेष अचूक ठरलेल्या रायफली वेगळ्या काढल्या जात आणि १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे रवाना होत. राजेरजवाड्यांसाठी नक्षीदार शिकारी बंदुका करणारी ही पेढी. आपल्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांतही तिच्या बंदुका होत्या. तिच्या कारागिरांनी प्रत्येक रायफलीच्या डाव्या अंगावर पोलादाच्या दोन गाद्या बसविल्या. एक पुढे, गोलसर, आणि एक मागे. गादी स्क्रूने घट्ट करून स्क्रूची कड ठोकून बुजवीत, आणि मग गाद्यांचा पृष्ठभाग नळीच्या रेषेशी जुळेपर्यंत तासून आणीत. या गाद्यांवर ओतीव लोखंडाचा एक कंस येऊन बसे आणि बोटांनी फिरविता येण्याजोग्या दोन मोठ्या दातेरी स्क्रूंनी आवळला जाई. कंस डाव्या अंगाला धरलेला असला तरी त्याची कमान अशी वळविलेली होती, की दुर्बीण पुन्हा नळीच्या माथ्यावर आली. डेव्हिडसनपासून चालत आलेले डावे अंग आणि हेस्केथ-प्रिचर्डने मागितलेला माथा यांचा इतका नीट समेट त्यापूर्वी ब्रिटनमध्ये कोणी केला नव्हता. दुर्बीण वर आल्यामुळे गालाला टेकू मिळेना, म्हणून दस्त्यावर लाकडाची उशी स्क्रूने बसविली; मागच्या साइटमधील जवळच्या पल्ल्याचे भोक दुर्बीण चढविता-उतरविताना आड येई, म्हणून ते घासून काढून टाकले. अशा २०,००० हून अधिक रायफली त्या पेढीच्या हाताखालून गेल्या.

या रायफलीवरचे आकडे वाचणे हा मला नेहमी एखादे जुने दप्तर वाचण्यासारखा आनंद वाटतो. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागील यंत्रणा धरणाऱ्या सांगाड्याच्या, डाव्या भिंतीवर टी हे अक्षर. निवड झालेल्या रायफलीवर टी आर. दस्त्याच्या खालच्या अंगाला एस ५१ हा त्या पेढीचा युद्धकालीन संकेतांक. कंसावर रायफलीचा क्रमांक. आणि दस्त्याच्या मानेवर, जेथे उजव्या हाताचा अंगठा वळसा घेतो तेथे, दुर्बिणीचा क्रमांक. दुर्बीण निकामी होऊन दुसरी मिळाली, तर जुना आकडा छिन्नीच्या रेघेने छेदून त्याखाली नवा ठोकलेला असे. एका रायफलीची दुर्बीण दुसरीवर घालावयाची नाही, असा हा बंदोबस्त. कारण गाद्या हाताने जुळविल्या होत्या आणि एक कंस दुसऱ्या रायफलीवर बसला तरी तो जुळेलच अशी हमी नव्हती.

दोष नव्हते असे नाही. पुढची गादी दीर्घ वापराने सैल होई, आणि शेकडो बारांनंतर तिचे स्क्रू डुलू लागत. शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या आर्मररांना या एका गादीने जितके काम दिले तितके साऱ्या दुर्बिणीने दिले नसेल. दुर्बिणीच्या पहिल्या आवृत्तीत पल्ल्याची चकती ५० यार्डांच्या टप्प्यांनी फिरे, आणि ती शून्यावर जुळविण्यास खास हत्यार लागे. १९४३ च्या दुसऱ्या आवृत्तीत टप्पे कोनाच्या एक-एक मिनिटाचे झाले, आणि तिसरीत चकती सैल करून एकट्या माणसाने ती जुळविता येईल अशी सोय आली. कॅनडात टोरंटोजवळ रिसर्च एंटरप्रायझेस या सरकारी कारखान्यानेही याच दुर्बिणी केल्या.

या चकतीवरील आकड्यांशी पुण्याचा एक धागा जुळलेला आहे. ते आकडे .३०३ च्या मार्क ७ काडतुसाच्या गतीसाठी, म्हणजे १७४ ग्रेन वजनाच्या व सेकंदाला सुमारे २४४० फूट वेगाने निघणाऱ्या गोळीसाठी, आखलेले होते. आणि १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात याच काडतुसांच्या राशी तयार होत. पितळी बुडावर के एफ ही अक्षरे, साल, आणि रोमन लिपीतील सातचा आकडा, असा शिक्का असलेली काडतुसे जगभरच्या संग्राहकांच्या ओळखीची आहेत. इटलीत व ब्रह्मदेशात मराठा पलटणींच्या खांद्यावर याच .३०३ च्या रायफली होत्या, आणि स्वातंत्र्यानंतर दुर्बिणीची नंबर ४ आपल्या फौजेतही राहिली. आज मात्र .३०३ हा बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ बोअरची शिकारी रायफल काढली ती यामुळेच. म्हणून अस्सल बोअरच्या प्रतिकृतीचा छंद मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे नांदतो.

अमेरिकेने हाच प्रश्न सर्वस्वी वेगळ्या रीतीने सोडविला. १९४२ च्या सुमारास तिला नेमबाजांसाठी रायफल तातडीने हवी होती, आणि नवी दुर्बीण आखण्यास उसंत नव्हती; तेव्हा लष्कराने शिकारी सामानाच्या बाजारात जे मिळत होते तेच घेतले. स्प्रिंगफिल्ड १९०३ या रायफलीची, रेमिंग्टनच्या कारखान्यात युद्धकाळात सोपी करून बनविलेली ए-३ ही आवृत्ती निवडली. तिच्यावर डेन्व्हरच्या रेडफिल्ड यांची ज्युनियर नावाची बैठक आणि टेक्सासमधील एल पासोच्या वीव्हर यांची ३३० सी ही दुर्बीण चढविली. आणि १९४३ पासून तिला एम १९०३ ए-४ असे नाव दिले. लायमन कंपनीची अलास्कन ही अधिक चांगली दुर्बीण लष्कराच्या मनात होती. परंतु तिची भिंगे बॉश अँड लाँबकडून येत, आणि तो कारखाना युद्धाच्या इतर कामांनी व्यापलेला होता. वीव्हरची दुर्बीण १९३० पासून बाजारात होती, आणि आरंभी ती बैठकीसह १९ डॉलरला मिळे. सामान्य शेतकऱ्याला परवडावी म्हणून काढलेली ही वस्तू अशा रीतीने युद्धावर गेली. लष्कराने तिचे नाव एम ७३ बी १ असे ठेवले, आणि २८,००० हून अधिक रायफली तयार झाल्या.

रेडफिल्डची बैठक पाहण्यासारखी आहे. रिसीव्हरच्या पुढच्या भागापासून मागच्या पुलापर्यंत एक सलग पोलादी पट्टी माथ्यावरून जाते. पुढच्या टोकाला एक खाच असते, तीत दुर्बिणीला धरणारी पुढची कडी आडवी घालून काटकोनात फिरवून बसवितात. मागच्या कडीला दोन्ही बाजूंनी एकेक मोठा स्क्रू समोरासमोर दाबतो. डावा सैल करून उजवा आवळला की दुर्बिणीचे शेपूट डावीकडे सरकते, आणि उलट केले की उजवीकडे. ही समोरासमोरची योजना सोयीपुरती नव्हती. त्या काळच्या दुर्बिणींत चकती फिरविली की नेमाच्या तारा स्वतःच दृष्टिक्षेत्रात सरकत, आणि फार फिरविल्या तर मध्य सोडून एका कोपऱ्यात जाऊन बसत. तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर स्थिर दिसाव्यात अशी रचना युद्धोत्तर काळात रूढ झाली. म्हणून दुर्बीण शक्य तितकी बैठकीतच नळीशी जुळवून घ्यावी लागे, आणि चकत्यांवर शेवटचा सूक्ष्म फरक तेवढा सोपवावा लागे. हॉलंड अँड हॉलंडचा कारागीर जे काम गाद्या तासून करी, तेच काम रेडफिल्डच्या बैठकीत दोन स्क्रू करीत.

माथ्यावरून जाणाऱ्या सलग पट्टीमुळे काडतुसांची पट्टी वरून भरण्याचा मार्ग बंद झाला, आणि ए-४ च्या शिपायाला एकेक काडतूस बोटाने भरावे लागे. तिच्यावर माशीही बसविलेली नव्हती; दुर्बीण धुरकटली, तर नेम धरण्यास दुसरे साधनच उरत नसे. धुरकटणे हा वीव्हरचा खरा दोष. ती पाणरोधक नव्हती, आणि ओल्या हवेत तिच्या पोटात बाष्प शिरे. तरीही बैठक पक्की होती, आणि तेवढ्या बळावर ही रायफल नॉर्मंडीपासून कोरियापर्यंत टिकली.

या रायफलीचा एक बारकावा प्रतिकृतीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. साध्या ए-३ च्या रिसीव्हरच्या माथ्यावर कारखान्याचे नाव, नमुना व क्रमांक हे एकाखाली एक कोरलेले असतात. ए-४ वर तेथेच पट्टी येणार, म्हणून रेमिंग्टनने नाव व नमुना एका बाजूला आणि क्रमांक दुसऱ्या बाजूला असे विभागून कोरले, जेणेकरून बैठक चढल्यावरही दोन्ही वाचता यावेत. एखाद्या रायफलीची अक्षरे पट्टीखाली अर्धवट झाकली गेली असतील, तर ती मूळची ए-४ नव्हे, हे दुर्बिणीकडे न पाहताही सांगता येते.

आता निवडीचा प्रश्न. दोन्ही रायफलींची प्रतिकृती करणारे लोक एकाच मार्गाने जाऊ पाहतात, आणि तेथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ए-४ च्या बाबतीत अस्सल जुनी दुर्बीण व अस्सल जुनी बैठक घ्यावी, आणि निःशंकपणे घ्यावी. कारण त्या मूळच्याच बाजारी वस्तू. युद्धापूर्वी एखाद्या शिकाऱ्याने विकत घेतलेली वीव्हर ३३० आणि रेडफिल्ड ज्युनियर ही त्याच घराण्यातील आहेत, आणि ती प्रतिकृतीवर चढविल्याने कोणत्याही ऐतिहासिक रायफलीचा हक्क हिरावला जात नाही. जुन्या नागरी दुर्बिणीवर एम ७३ बी १ असा लष्करी शिक्का नव्याने कोरून विकणारे लोक आहेत. ती वस्तू कितीही देखणी असली तरी घेऊ नये. आधी साल ठरवावे. १९४३–४४ ची रायफल दाखवावयाची असेल तर वीव्हर. कोरियाच्या काळातील दाखवावयाची असेल तर एम ८४ ही अधिक पाणरोधक लष्करी दुर्बीणही योग्य ठरते. साल ठरले की कडीचा व्यास आपोआप ठरतो: वीव्हरचे नळकांडे पाऊण इंचाचे, अलास्कन व एम ८४ यांचे सात-अष्टमांश इंचाचे, आणि आजच्या पुष्कळ शिकारी दुर्बिणींचे एक इंचाचे. पट्टी तीच राहते, कड्या तेवढ्या बदलतात. पाऊण इंची नळकांड्याभोवती पत्र्याची वेटोळी घालून ते मोठ्या कडीत आवळण्याचा प्रघात मला अमान्य आहे. त्याने नळकांडे चेपते, आणि चेपलेले नळकांडे पूर्ववत होत नाही.

पुढची कडी खाचेत फिरवावयाची ती दुर्बिणीला तरफ करून कधीही नव्हे. कडीत पाऊण इंची गुळगुळीत लाकडी दांडा आवळावा, खाचेत तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब सोडावा, आणि दांड्याने कडी जागेवर आणावी. नंतरच दांडा काढून दुर्बीण ठेवावी. दर वेळी फिरविल्याने खाच झिजते, म्हणून एकदा बसलेली कडी विनाकारण काढू नये.

काचेची परीक्षा दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीकडे पाहून करावी. जुन्या दुर्बिणींची जोडभिंगे कॅनडा बाल्सम या फर वृक्षाच्या राळेने चिकटविलेली असत. ती राळ सुकली की कडेकडून इंद्रधनुषी वलये आत सरकू लागतात. वलय कडेपाशीच असेल तर दुर्बीण वापरता येते. मध्यापर्यंत आले असेल तर ती निष्णात भिंगकाराकडे सोपविल्यावाचून गत्यंतर नाही. दमट हवेत, विशेषतः कोकणासारख्या किनाऱ्यावर जतन केलेल्या दुर्बिणीत बुरशीचे जाळेही आढळते, आणि ते काचेवरील लेपात खोल गेले असेल तर पुसल्याने जात नाही. या दोषांची किंमत पैशात करता येते. नळकांड्यावर कडी घसरल्याचे ओरखडे असतील तर मात्र ती दुर्बीण पूर्वी सैल बैठकीत राहिलेली आहे असे समजावे, आणि तारांची यंत्रणा पुरी तपासल्याशिवाय सौदा करू नये.

नंबर ४ (टी) च्या बाबतीत माझा सल्ला नेमका उलट आहे. येथे प्रतिकृतीसाठी नवी बनविलेली दुर्बीण व नवा बनविलेला कंस घ्यावा. अस्सल नंबर ३२ दुर्बीण ही कोणत्या तरी एका रायफलीची आहे. तिचा क्रमांक कोठल्या तरी दस्त्याच्या मानेवर ठोकलेला आहे, आणि ती रायफल आज कदाचित दुर्बिणीवाचून कोणाच्या भिंतीवर असेल. अशी ताटातूट झालेली जोडी वर्षानुवर्षांनी पुन्हा एकत्र आल्याची उदाहरणे संग्राहकांच्या जगात घडली आहेत, आणि प्रत्येक वेळी ती आकड्यांमुळेच शक्य झाली. अस्सल दुर्बीण हाती आलीच, तर तिच्यावरील आकडा घासू नये, नवा ठोकू नये, आणि तो आकडा इतर संग्राहकांना कळवून ठेवावा. आणखी एक सावधगिरी: १९७० नंतर ब्रिटिश फौजेने याच रायफली ७.६२ च्या काडतुसासाठी बदलून एल ४२ ए १ केल्या, तेव्हा तिसऱ्या आवृत्तीच्या दुर्बिणींची चकतीही मीटरांत बदलली. अशी दुर्बीण .३०३ च्या प्रतिकृतीवर चढविली, तर चकतीवरचा एकही आकडा खरा ठरत नाही.

कंस कोणताही असो, तो पेटीतून काढून गाद्यांवर आवळला की काम संपले, असे विक्रेते सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये. गाद्यांना शाई लावून कंस हलकेच टेकवावा, कोठे शाई उतरते ते पाहावे, आणि उंचवटे अगदी बारीक कानशीने, पुनःपुन्हा तपासून, उतरवावेत. हे काम अनुभवी बंदूककाराकडूनच करून घ्यावे. पन्नासेक बारांनंतर पुढच्या गादीचे स्क्रू पुन्हा पाहावेत. स्क्रूच्या डोक्यावरून गादीवर येणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली, तर तो तसूभर फिरला तरी लगेच उमगते.

ज्या रायफलीत भोके पाडावयाची ती कोणती घ्यावी, हा मला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. युद्धानंतर हजारो नंबर ४ व १९०३ रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, आणि शिकाऱ्यांनी त्यांचे दस्ते कापले, माथ्यावर भोके पाडली, साइट्स उखडल्या. प्रतिकृती अशाच रायफलीवर करावी. तिचे नुकसान आधीच झालेले आहे, आणि नव्या बैठकीने तिला निदान एक रूप मिळते. कारखान्यातून आली तशी शाबूत राहिलेली नंबर ४ किंवा ए-३ हाती असेल, तर तिला बरमा लावू नये. तिच्यावर प्रतिकृती रचणे म्हणजे एक खरी वस्तू मोडून दुसरी बनावट वस्तू उभी करणे होय. आणि नव्या दस्त्याच्या मानेवरची दुर्बिणीच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवावी. प्रतिकृती कोणी व कोणत्या साली जुळविली, नळी व रिसीव्हर कोणत्या मूळ रायफलीचे, हे दस्ता सोडवून आतल्या लाकडावर पक्क्या शाईने लिहावे, म्हणजे पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याला दस्ता उघडताच तिची खरी हकीकत वाचता येईल.